परत सरकवलेलं पाकीट

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५
दुपारी २ वाजून १० मिनिटं
जुळे सोलापूर

प्रिय चेतना मॅडम,

कमलाकर सरांना आत्ताच पेज भरवली, तोंड पुसलं, डाव्या कुशीवर वळवलं आणि पाठीला उशी लावली. पुढची कूस चार वाजता बदलायची. अनसूयाकाकू आतल्या खोलीत पडल्या आहेत. म्हणजे माझ्याकडे एक तास पन्नास मिनिटं आहेत आणि तेवढ्यात हे पत्र संपवायचं आहे.

तुम्ही मला ताई म्हणायला सांगितलं होतं. आज मॅडम लिहितोय ते विसरून नाही. काल संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी तुमचा मेसेज आला. ‘बिरुदेव, दोन वेळा आला नाहीस. फीची काळजी करू नकोस, तुझ्याकडून मला काही नको. ये रे.’ मी तो सहा वेळा वाचला. तुम्हाला वाटेल, जुना त्रास उलटला. पण तो त्रास आता माझ्या ओळखीचा झालाय, तो असा नसतो. मला राग आला होता आणि तो तुमचा आला होता.

दोन जानेवारीला मी समुपदेशनासाठी पहिल्यांदा तुमचा जिना चढलो, तेव्हा माझी काय अवस्था होती ते तुमच्या वहीत असेलच. सरांच्या गोळ्यांचा डबा दिवसातून नऊ-दहा वेळा मोजायचो. ड्यूटी संपवून निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत यायचो, गॅस बंद आहे का बघायला. छाती अशी धडधडायची की रिक्षात शेजारच्याला ऐकू जाईल याचीच लाज वाटायची. तुम्ही फी पाचशे सांगितलीत. माझी दिवसाची मजुरी सहाशे. तुम्ही विचारलंत, जमेल का. मी म्हणालो, जमवतो. एक गुरुवार सोडून एक गुरुवार, साडेपाच वाजता, पाकिटावर तारीख आणि रक्कम लिहून मी ते तुमच्या टेबलावर ठेवायचो आणि मगच बसायचो. ते ठेवलं की खुर्चीला पाठ टेकता यायची. अकरावीत शाळा सोडलेला, मेंढरामागं हिंडणाऱ्या धुळाप्पाचा पोरगा, पण ती पन्नास मिनिटं माझी असायची. मी विकत घेतलेली असायची.

दहा एप्रिल आठवतो का? आठवी बैठक. मी बोलत असताना तुम्ही फोन घेतलात. चार मिनिटं कुणाशी तरी हॉलच्या बुकिंगचं बोललात. मी आयुष्यात कुठल्या शिकलेल्या माणसाला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, ‘मॅडम, मी पाचशे रुपये देतो, फोन बंद ठेवा.’ तुम्ही फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलात आणि म्हणालात, ‘बरं झालं बोललास.’ त्या रात्री मी दाराची कडी बघायला एकदाही उठलो नाही. मी तुमच्याकडे बरा झालो असेन तर त्या एका दिवशी झालो.

आणि पुढच्याच वेळी तुम्ही पाकीट परत सरकवलंत. दोन बोटांनी, माझ्या बाजूला. ‘राहू दे रे. तू स्वतः एवढी सेवा करतोस. सेवा करणाऱ्याकडून पैसे घ्यायला मला कसंतरीच होतं. आणि ते मॅडम मॅडम बंद कर, ताई म्हण.’ मला रडू आलं, ते तुम्ही वहीत लिहून घेतलंत. का आलं ते विचारलं नाहीत. मला तरी कुठं कळलं होतं.

आमच्या आप्पांना विचारलं असतं तर त्यांनी तिथंच सांगितलं असतं. आमच्यात रानात मेंढरं बसवतात. म्हणजे शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात कळप रात्रभर बसवायचा, लेंड्यांचं खत त्या रानाला मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला ज्वारी किंवा पैसे देतो. माझे मामा, हरिबा, दरवर्षी म्हणायचे, ‘दाजी, पावण्यात कसला हिशेब? माझ्या रानात अशीच बसवा की.’ आप्पा रात्रीला दोन पायली ज्वारी मोजून घ्यायचे. एकदाच, मावशीच्या लग्नाच्या साली, आई फुलाबाईनं फार लावून धरलं म्हणून त्यांनी फुकट बसवली. तिसऱ्या रात्री मामाच्या कुत्र्यानं कोकरू धरलं. वर मामी म्हणाली, ‘कुत्रं लई गुणाचं हाय, कधी असं करत न्हाय,’ तर आप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर मला म्हणाले, ‘जवारी घेतली असती तर दारात जाऊन वरडलो असतो. आता काय, कुत्र्याचं कौतुक करून आलो.’ मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. हे मला ठाऊक होतं, मॅडम, आणि तरी मी ते पाकीट उचलून खिशात घातलं.

त्यानंतर तुमचा फोन वाजला की मी पाणी पिऊन घ्यायचो. जुलैत माझी साडेपाचची वेळ तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलीत. ‘बिरुदेव, तू समजून घेशील,’ म्हणालात. मी समजून घेतलं. पन्नास मिनिटं बाहेरच्या बाकावर बसून समजून घेत होतो. एकदा त्या बाकावरच्या बाईंना तुम्ही हसत सांगितलंत, ‘हा आमचा बिरुदेव, याच्याकडून मी काही घेत नाही.’ त्या बाई माझ्या चपलांकडे बघत होत्या. मी तुम्हाला शेंगाचटणी आणली, हुरडा आणला, आप्पांकडून घोंगडं मागून आणलं. तुम्ही ते भिंतीवर टांगलंत. घोंगडं अंथरायचं किंवा पांघरायचं असतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आणि मी बरा व्हायला लागलो. दर वेळी थोडा जास्त बरा. गोळ्या आता दोनदाच मोजतो, झोप लागते, धडधड नाही. खोटं होतं. फुकट औषध घेऊन गुण आला नाही म्हणायचं कसं? तुम्ही इतक्या खूश व्हायचात.

तुम्ही वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं.

ह्या घरातही तेच चाललं होतं, पण ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मी इथं रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलो. तेव्हा महिन्याच्या महिन्याला पैसे, रविवारी सुट्टी, सगळं कागदावर. कमलाकर सरांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लकव्यानं वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण मी औषधांची नोंद लिहून दाखवली की डाव्या हाताचं बोट चुकलेल्या वेलांटीवर ठेवायचे. मी खोडून नीट लिहीपर्यंत उचलायचे नाहीत. आज मी जे काही शुद्ध लिहितोय ते त्या एका बोटाचं काम आहे. वर्षभरानं त्यांचा आणि काकूंचा मुलगा आशिषदादा पुण्याहून आला आणि म्हणाला, ‘ब्युरोला कशाला कमिशन? तू आता घरचाच.’ मला किती बरं वाटलं होतं. मग घरच्याला रविवार कशाला, म्हणून रविवार गेला. घरच्याला एक तारीख कशाला, म्हणून तारीख गेली. ऑगस्टचा पगार सप्टेंबर संपत आला तरी नव्हता. काकू म्हणायच्या, ‘देईल रे, कुठं पळून चाललाय का तो?’

चोवीस सप्टेंबर, बुधवार. दुपारी अडीचला आशिषदादाचा फोन आला. डायपर संपून तीन दिवस झाले होते, ते तो पाठवणार होता. मी आधी डायपरचं विचारलं, मग पगाराचं. तो म्हणाला, ‘बिरुदेव, मला एक सांग, तू बाबांसाठी करतोस की पैशासाठी?’ फोन ठेवला तरी तो प्रश्न कानात होता. काकू बँकेत गेल्या होत्या. दोन पन्नासला सरांची लुंगी ओली झाली, चादर ओली झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. मी उठलो नाही.

विसरलो नव्हतो. घड्याळ समोर होतं, मी ते बघत होतो. मनात म्हणत होतो, घरच्या माणसाला बोलवा आता. पुण्याहून बोलवा. पहिली दहा मिनिटं सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली, जेवढी वळते तेवढी. साडेचारला गेट वाजलं तेव्हा मी उठलो आणि सगळं नीट बदललं, पावडर लावली. काकू आत येऊन म्हणाल्या, ‘किती करतोस रे लेकरा.’ एक तास चाळीस मिनिटं. त्या दिवसापासून मी नोंदीत मुद्दाम चुकीची वेलांटी देऊन वही समोर धरतो. सर तिच्यावर बोट ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, माझी वेळ होती. मी तुम्हाला हेच सांगायला आलो होतो. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘तुझ्यासारखी मुलं बघितली की वाटतं, माणुसकी आहे अजून.’ आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? मी सेवा करतो म्हणून तुम्ही फी सोडली होती. सेवा केली नाही हे सांगितलं असतं तर त्या खुर्चीत कुठल्या तोंडानं बसलो असतो? पाचशे रुपये टेबलावर असते तर बोललो असतो. वाईट माणूस म्हणूनही बसता आलं असतं, त्या पैशात तेवढं बसत होतं. मी म्हणालो, सगळं ठीक आहे. तुम्ही वहीत ‘छान प्रगती’ लिहिलंत. मला उलटं दिसलं तरी वाचता येतं.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला दोन महिन्यांचा पगार एकदम आला. त्यातून त्या बुधवारचे सहाशे मी काढले आणि काकूंच्या साखरेच्या डब्यामागं, त्या सुटे पैसे ठेवतात त्या वाटीत, गुपचूप ठेवले. पाचशेच्या नोटेला कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका होता. वाटलं, मिटलं. भाऊबीजेला काकूंनी मला पाटावर बसवून ओवाळलं आणि हातात एक शर्टपीस आणि सहाशे रुपये ठेवले. ‘वाटीत कुठून निघाले कोण जाणे, तुझ्याच नशिबाचे असतील.’ निळा ठिपका होता. ते मी घेतले, मॅडम. वाकून नमस्कारही केला. हे सगळं एकट्यानं डोक्यात घेऊन मी आता गोळ्या पंधरा वेळा मोजतो.

परवा आशिषदादाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं, ‘दादा, त्या दिवशी विचारलंत ना. पैशासाठी करतो. एक तारखेला पगार आणि रविवारी सुट्टी पाहिजे, नाहीतर ब्युरोला कळवतो.’ तो बरं म्हणाला. आवाज बदलला त्याचा, आता मी घरचा नाही. पण काल सरांचं अंग पुसताना किती दिवसांनी हात हलका वाटला.

आता पावणेचार झालेत. हे पत्र तुमच्या खालच्या मेडिकलमध्ये मल्लिनाथ यांच्याकडे देतो, सोबत पैसे आहेत. आज गुरुवार असूनही मी वर येणार नाही, कारण तुम्ही पैसे घेतल्याचं कळल्याशिवाय यायचं नाही. वीस नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच, ही वेळ मला पाहिजे, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पत्रात जे लिहिलं ते मला तुमच्यासमोर तोंडानं बोलायचं आहे. लिहिणं सोपं आहे, लिहिताना तुम्ही मध्येच ‘राहू दे रे’ म्हणू शकत नाही. तुम्हाला माझा राग आला तर येऊ द्या, तुमच्या फीमध्ये तोही धरलेला आहे असं मी समजतो. मग सरांसमोर बसून त्यांना सांगायचं कसं, ते मला तुमच्याकडून शिकायचं आहे. त्यांना ऐकू येतं. तुम्ही पैसे घेणार असाल तर मल्लिनाथ यांच्याकडे पावती ठेवा. पाकीट परत आलं तर समजेन की तुम्हाला पेशंट नको, गुणाचा पोरगा पाहिजे. तो मी नाही.

तुमचाच, पाचशे रुपये देणारा पेशंट,
बिरुदेव धुळाप्पा बंडगर

हिशेब:
बैठका १ ते ८ (२ जानेवारी ते १० एप्रिल): ४,००० रुपये, दिलेले.
बैठका ९ ते २० (२४ एप्रिल ते २५ सप्टेंबर), बारा गुणिले पाचशे: ६,००० रुपये, द्यायचे.
त्यापैकी सोबत: २,००० रुपये.
बाकी: ४,००० रुपये. डिसेंबर ते मार्च, दर महिन्याच्या दोन तारखेला एक हजार.
२० नोव्हेंबरची फी आगाऊ, सोबत: ५०० रुपये.
शेंगाचटणी, हुरडा: धरलेले नाहीत. घोंगडं भिंतीवरून काढून वापरणार असाल तर तेही धरलेलं नाही.
निळ्या ठिपक्याची नोट आणि एक शंभराची, मिळून ६०० रुपये: कुणाचे ते ठरलेलं नाही. येताना घेऊन येतो.