भाता माझ्या हातात होता

अण्णा, आज पेपरात त्याचा फोटो आलाय. तोच, हिर्डोशीहून चालत आपल्याकडं पेटी शिकायला यायचा तो. आता डोक्याला टक्कल पडलंय, अंगात सूट आहे, पुढ्यात काळाभोर पियानो. खाली लिहिलंय, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाझ वाजवलं, पुढं रेडिओवर त्याच संगीताचा कार्यक्रम वर्षानुवर्षं केला, लोक त्याच्या बोलण्यावरही खूश असायचे. मी तो पेपर मेथी निवडायला घेतला आणि मातीनं भरलेली मुळं नेमकी त्याच्या तोंडावर टाकली. या वयात शोभतं का मला? नाही शोभत. पण जळते मी त्याच्यावर, अजून जळते, आणि हे तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

भोरातल्या भजनी मंडळांच्या पेट्या तुमच्याकडं दुरुस्तीला यायच्या. ओसरीवर फडकं पसरून तुम्ही पेटीतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या पुसत बसायचात आणि तो समोर रियाज करायचा. तो अठराचा, मी चौदाची. त्याची डाव्या हाताची बोटंही उजव्याइतकीच पळतात, हे तुम्ही आठवड्यात हेरलंत. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यातच अडकतो. मग मला हाक मारलीत, "पोरी, हितं बस. तू भाता मार, त्याचं दोन्ही हात मोकळं ऱ्हाऊ दे." तीन वर्षं मारला मी भाता. पलीकडं बसून उलट्या बाजूनं त्याची बोटं बघता बघता मला सगळं पाठ झालं. मनगट दुखायचं, रात्री आई तेल चोळायची, पण मी कधी नाही म्हटलं नाही.

एकदा तो आडावर पाणी प्यायला गेला. सकाळपासून एक चाल त्याला जमत नव्हती. मी पेटी आपल्याकडं वळवली, एका हातानं भाता, एका हातानं ती चाल, आणि लागली की हो! तुम्ही आतून जेवता जेवता खरकट्या हातानं धावत आलात. "वा रं पठ्ठ्या! आज बसला बघ हात!" मग मी दिसले. तुमचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग म्हणालात, "चुलीवरचं दूध बघ, उतू जाईल." चुलीवर दूध नव्हतंच, अण्णा. तरी मी उठून गेले आणि थंड चुलीपुढं बसून राहिले.

तो मुंबईला निघाला तेव्हा तुम्ही त्याला तुमची स्वतःची पेटी दिलीत. त्याच उन्हाळ्यात मला कामथडीला दिलंत. सासरी पेटी नव्हती.

मग बऱ्याच वर्षांनी ती रविवारची सकाळ. तुम्हाला ऐकू कमी यायला लागलं होतं, मी माहेरी आले होते. शेजारच्या वकिलांनी निरोप धाडला, आज रेडिओवर तुमचा चेला आहे म्हणून. तुम्ही धुतलेला सदरा घातलात, टोपी दोनदा झटकलीत. वकील आम्हाला रेडिओपुढं बसवून अशिलांकडं गेले. तुम्ही कान अगदी जाळीला लावलात. दोन्ही हातांनी काय वाजवत होता मेला! डावा ठेका धरून उड्या मारतोय, उजवा मनाला येईल तिकडं हुंदडतोय. माझं मनगट आपोआप हलायला लागलं. वाजवणं थांबवून तो बोलला, मराठीत बोलला, "माझे दोन्ही हात मोकळे करून देणारे माझे गुरू भोरला असतात." आणि तुमचं नाव घेतलं. हात मोकळे करून देणारे! आणि भाता कोण मारत होतं रे, भूत?

तुम्ही माझा दंड धरलात. "काय म्हनला गं? आमचं नाव काढलं का?"

मी म्हणाले, "न्हाई अण्णा. त्या इंग्रजी गाण्याचंच काय काय सांगत व्हता."

"आसू दे. लई मोठा झाला आता, कामात आसंल," एवढंच बोललात. घरी येऊन टोपी खुंटीला लावलीत, दुरुस्तीची पेटी पुढ्यात ओढलीत आणि तिला हात न लावता बसून राहिलात. पुन्हा त्याचा विषय काढला नाहीत. तुमच्या अखेरच्या दुखण्यात सांगायचं मनात होतं. रोज उद्या म्हणत राहिले.

हा लिहिलेला कागद घडी करून गव्हाच्या डब्यात ठेवीन, दुसरीकडं कुठं धाडणार? काढलं होतं हो नाव. आडनावासकट काढलं होतं, आणि ते घेताना त्याचा आवाज भरून आला होता.