शिशुवर्ग शहाणा झाला

प्रिय धाकट्या बाई,

नोकरी सोडलीस तरी हाक तीच राहू दे. या वयात माझ्या जिभेला नवं वळण लागायचं नाही. बाबांचा पाय कसा आहे? तू त्यांना काठी देऊन घरातल्या घरात चालवतेस, असं शाळेच्या मावशींकडून कळलं. मला तू काही कळवलं नाहीस. रागावली असशील, तर तो राग रास्तच आहे.

इकडची खबर अशी, की तुझा शिशुवर्ग शहाणा झाला. अगदी दृष्ट लागावी इतका. डबे गुपचूप उघडतात, गुपचूप संपतात, अठराच्या अठरा पोरं हाताची घडी घालून बसतात. नव्या बाई चांगल्या आहेत हं, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. कागदाचे ससे करून आणतात. तुझ्या वेळी असा ससा दोन मिनिटं टिकला नसता, आता त्याला कोणी हातसुद्धा लावत नाही. पहिले पंधरा दिवस मी पालकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, बघा, मुलं कशी चटकन रुळतात. लहान मुलांना काही कळत नाही, ही माझी तीस वर्षांची विद्या!

आपली टकळी आठवते ना? पहिल्याच दिवशी जिची आई म्हणाली होती, हिला गप्प करायची युक्ती सापडली तर मलाही सांगा. ती टकळी आता शाळेत बोलत नाही. घरी बोलते, पण फाटकात पाऊल टाकलं की ओठ घट्ट. आईने विचारून पाहिलं, डॉक्टरांनी घसा तपासला. परवा मधल्या सुट्टीत ती आपण होऊन माझ्या टेबलापाशी आली आणि कानात कुजबुजली, की ती आता मुळीच बडबड करत नाही, कोणीच करत नाही, मग मी बाईंना परत कधी आणणार?

तेव्हा मला माझेच शब्द आठवले. तुझ्या शेवटच्या आठवड्यात वर्गात गोंगाट चालला होता, तेव्हा दारात उभं राहून मीच दटावलं होतं, आवाज बंद करा, नाहीतर तुमच्या बाईंना दुसऱ्या गावाला पाठवून देईन. इतकी वर्षं वापरलेली धमकी, कधी फुकट गेली नाही. आणि सोमवारी तू खरंच नव्हतीस.

तू निरोप घेणार होतीस. बाबा पडलेत, म्हणून मला जावं लागतंय, एवढं मुलांना जवळ घेऊन सांगते म्हणालीस. मीच नको म्हटलं. उगाच रडारड होईल, गपचूप निघ, दोन दिवसांत विसरतील. तू पिशवी पोटाशी धरून चोरासारखी बाहेर पडलीस. खरं सांगू? मुलांच्या रडण्याला मी भीत नव्हते. तुझं जाणं मलाच सोसवत नव्हतं, आणि त्या पोरांसमोर माझं रडू आवरलं नसतं. स्वतःची लाज राखायला मी मुलांना अंधारात ठेवलं.

काल वर्गात त्यांच्यात जाऊन बसले आणि सगळं खरं सांगितलं. तुमची काही चूक नाही म्हटलं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या, हाताची घडी काही सुटली नाही. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या लेखी तुला पाठवून देणारी मीच. म्हणून हे पत्र. एक दिवस येशील? त्या दिवशी बाबांपाशी मावशी थांबतील, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. परत कामावर ये म्हणत नाही, आणि मुलांनाही तसलं खोटं वचन देऊ नकोस. तू कोणामुळे गेली नाहीस, हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे, मग सगळ्यांच्या देखत निघ. पोरं पायांना मिठ्या मारतील, टकळी तर किंचाळून शाळा डोक्यावर घेईल. घेऊ दे. मला तिचा आवाज ऐकायचा आहे.

तुझीच, माफी मागायला उशीर केलेली,
मोठ्या बाई