भरधावाचा स्क्रू

प्रिय धाकटोबा,

‘प्रिय’ ही लिहिण्याची पद्धत आहे, फार मनावर घेऊ नकोस. तू भंगारात द्यायला सांगून गेलेला बाबांचा पानं उडवायचा ब्लोअर मी दिलेला नाही. स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर आहे आणि कालपासून अंगणातली पानं त्याच्या धाकानं कुंपणापाशी मुकाट जमली आहेत. संस्कृत शिकवणाऱ्या बाईनं कार्ब्युरेटर उघडला, याचं तुला हसू येईल. आत्ताच हसून घे, पुढे सवड मिळणार नाही.

तुझा तर्क असा होता: ब्लोअर रेस केला की किंचाळतो, तापतो, बंद पडतो, नुकताच बाबांनी दुरुस्त केलाय, म्हणजे बाबांचं डोकं गेलं. वर जोडपुरावे. हाक मारली तर ओ देत नाहीत, विचारावं एक तर सांगतात दुसरंच, नातीलासुद्धा ओळखेनासे झालेत. एवढ्यावर तू त्यांच्या कामाच्या खोलीला कुलूप ठोकलंस आणि किल्ली खिशात टाकून गाडीत बसलास. आमच्या शास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. आपल्या घरी आगाऊपणा म्हणतात.

हत्यारं तुझ्या कुलपाआड, म्हणून शेजाऱ्यांकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणला. काय कारण सांगितलं ते विचारू नकोस. शिळं पेट्रोल ओतून दिलं, ऑइल मापून मिसळलेलं ताजं भरलं आणि एकेक भाग तपासत गेले. कुठेतरी बाबांची चूक सापडेल या धास्तीनंच. टाकीतली जाळी नवी. नळी नवी, कुठे मुडपू नये असं वळण देऊन बसवलेली. हवेचा फिल्टर धुतलेला. कार्ब्युरेटरमधल्या पातळ पडद्याला एक सुरकुती नाही. डोकं गेलेल्या माणसाचं हे काम! तू सायकलचं चाक बसवून उरलेले नट मला बक्षीस म्हणून दिले होतेस, तेव्हा तुझं डोकं शाबूत होतं ना?

राहिले दोन स्क्रू. यंत्र संथ चालताना पेट्रोल किती जावं ते एक ठरवतो, भरधाव चालताना दुसरा. संथाचा अगदी अचूक. घुरघुर एकदाही अडखळली नाही. भरधावाचा मात्र जवळजवळ बंद. पेट्रोल पुरत नाही, इंजिन उपाशीपोटी धावतं, म्हणून ती किंचाळी, म्हणून ते तापणं. पण एक इतका बरोबर आणि शेजारचाच इतका चुकलेला, हे काही केल्या पटेना.

मग बाबांना शेजारी उभं केलं आणि रेस दिली. समोरच्या बाईंनी खिडकी आपटून लावून घेतली, माझे दात शिवशिवले. बाबा कान पुढे करून शांतपणे म्हणाले, “बघ, आवाज अजून चढतच नाहीये. आवळ आणखी थोडा.”

कळलं? हे स्क्रू ते जन्मभर कानानंच लावत आले. घुरघुर त्यांना ऐकू येते, किंचाळी येत नाही. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. फोन, कुकरची शिट्टी, तुझ्या मुलीची ‘आजोबा’ अशी हाक. मी स्क्रू सैल केला, किंचाळी उतरली, यंत्र सुधारलं. पण ‘आजोबा तुला विसरले’ हे त्या पोरीला सांगणारा तू, तुला कुठून सैल करायचं?

आणि माझं रक्त उकळतं ते वेगळ्याच गोष्टीनं. बाबा रोज सकाळी कामाचे कपडे घालून त्या दारापाशी जातात, कुलूप हलवून बघतात आणि परत येऊन पेपर उघडतात. तक्रार नाही, चौकशी नाही. तुझा निकाल त्यांनी मान्य केलाय.

म्हणून हे पत्र. कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना मी नेते आहे. तू या रविवारी यायचंस. किल्ली टपालानं पाठवायची नाही, माझ्या हातातही द्यायची नाही. मुलीला घेऊन ये, तिच्यादेखत त्यांच्या हातावर ठेव आणि चुकलो म्हण. लहानपणी मार चुकवायला काढायचास तसला बारीक आवाज मात्र काढू नकोस. समोर उभा राहून, जाड आवाजात म्हण. बारीक म्हटलेलं त्यांना ऐकू येणार नाही.

तुझीच, अजून न निवालेली,
ताई