मागच्या खोलीपर्यंत सोळा तास

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार नेहमीपेक्षा जरा वरूनच आहे, गोड मानून घे. कारण पुढे सांगतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी कानातलं यंत्र कानात घालतात, की अजून खिशातच सांभाळतात?

तर गेल्या आठवड्यात आमच्या स्टुडिओत एक निवृत्त नर्सबाई दोन पिशव्या भरून जुने फोटो घेऊन आल्या. चाळीस वर्षांत बरोबर काम केलेल्या सगळ्याजणी शनिवारी जमणार होत्या, आणि प्रत्येकीला फोटोंचं पुस्तक द्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "पुन्हा सगळ्या जमू असं नाही. शनिवार म्हणजे शनिवार." यावर नाही कसं म्हणणार? हिने पुढच्या खोलीत फोटो स्कॅन केले आणि सोमवारी मी ते मागच्या खोलीतल्या छपाईच्या कॉम्प्युटरवर पाठवायला घेतले. अंतर वीस पावलं. कॉम्प्युटर म्हणाला, सोळा तास लागतील! (मी एकेक फोटो हातात धरून रांगत गेलो असतो तरी आधी पोचलो असतो.) दोन्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले, तर सतरा तास झाले. तसंच चालू ठेवावं, तर मध्येच तुटायचं आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात. पेनड्राइव्ह घेऊन खेपा घालाव्यात, तर आमचा पेनड्राइव्ह जेमतेम चमचाभर. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. (त्याला आम्ही 'नवीन घ्या' म्हणतो.) त्याने चप्पलही न काढता दारातूनच सांगितलं, "नवीन घ्या."

मग मीच कंबर कसली. (तीच ती कंबर.) दोन्ही कॉम्प्युटर जोडणारी तार कपाटांमागून जाते, म्हणून कपाटं ओढली. मागे इतकी धूळ, की तार दिसायला झाडणं भाग पडलं, आणि झाडल्यावर पुसणं. दोन दिवसांत खोली लख्ख झाली आणि तार निघाली ठणठणीत! बुधवारी दुपारी मी हताश होऊन जमिनीवर बसलो होतो, तेवढ्यात ही आली, टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, "अहो, या डबीचे दिवे का लागत नाहीत?" दोन्हीकडच्या तारा जुळतात ती डबी. तिचा प्लग काढून कुणीतरी तिथे मोबाइलचा चार्जर लावला होता! (कुणी, ते मी विचारलं नाही. संसारात काही चौकश्या करू नयेत.) बिचारे फोटो तार सोडून वाय-फायवरून, दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडत, धापा टाकत येत होते. प्लग लावला आणि बारा मिनिटांत सगळे हजर.

शनिवारी सकाळी पुस्तकं तयार होती. बाईंनी पहिलं पान उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि हिचा हात धरून उभ्या राहिल्या. (नंतर माझाही धरला.) ताई, पाठ दुखते आहे, पण मी फार मजेत आहे.

भावोजींना नमस्कार सांग, जरा मोठ्याने.

तुझा,
धाकटा

ता. क. हिच्याशी फोनवर बोलशील तेव्हा सहज म्हण, की मला लहानपणापासून यंत्रातलं फार कळतं. रेडिओचं प्रकरण मात्र काढू नकोस.

ता. क. वन्सं, हे मी लिहितेय, तुमची भावजय. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. चार्जर यांचाच होता. बंद डबी मला सोमवारीच दिसली होती, पण हे आपणहून कपाटं ओढायला लागले, आणि ती खोली झाडा म्हणून मी सहा वर्षं सांगतेय. छपाईला एक दिवस पुरतो, म्हणून मी बुधवारपर्यंत गप्प बसले. फोनवर यांचं कौतुक अगदी भरभरून करा. अजून माळा राहिलाय.