चार वायरी

२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे वय बघून द्यावे लागतात. वागणं बघून द्यायचे असते तर कोराच कागद पाठवला असता.

गाडी परवा ट्रकवर चढवून दिली. मागच्या दारावरचा ओरखडा ट्रकवाल्याने दोर आवळताना पाडला आहे, तो माझ्या नावावर खपवू नकोस. ही गाडी मी रोज चालवतो, तू येऊन चालवत ने, असं तुला दोनदा कळवलं. पण माझ्यासारख्या कंपाउंडरने सांभाळलेल्या इंजिनावर तुझ्यासारख्या प्राध्यापकांचा विश्वास नाही. आधी सगळं खोलून बघणार, मग आईला त्यात बसवणार म्हणे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ती दोन आणि त्याआधीची दहा वर्षं या गाडीखाली मीच आडवा होत होतो. तू पाहुण्यासारखा यायचास आणि मागच्या सीटवर बसून खिडकीची काच नीट खाली जात नाही म्हणून कुरकुरायचास.

आईचं म्हणणं तुला माहीत आहे. तुझ्याकडे राहायला येईन तर यांच्याच गाडीतून येईन, असं ती म्हणते. बसमध्ये तिला उलट्या होतात आणि परक्याच्या गाडीत जीव गुदमरतो. माझं म्हणणंही ऐकून ठेव. तीस तारखेपर्यंत गाडी घेऊन दारात आलास तर आई तुझी. त्यानंतर थंडी तिच्या छातीत बसते आणि डॉक्टर तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षीचे वायदे करू नयेत.

एक सांगतो, ऐकशील तर. प्लगच्या वायरी बदलायच्या झाल्या तर बाबांचा नियम पाळ. एक काढायची, तिच्याच जागी नवी लावायची, मग दुसरीला हात. पुस्तक उघडायचं नाही.

तुझ्या वहिनीने आईच्या गुडघ्याचं तेल वेगळं पाठवलं आहे. ते इंजिनात ओतू नकोस.

कळावे. लोभ शिल्लक असेल तर असावा.
दादा


९ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, आशीर्वादातली काटछाटही पोचली. गाडी शेडमध्ये घेतली आणि बॉनेट उघडलं, तेव्हा मी चुकून तुझ्या औषधांच्या दुकानात शिरलो की काय असं वाटलं. कार्ब्युरेटरखाली गळती रोखणारं गॅस्केट म्हणून खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवलेला! त्यावर 'घेण्यापूर्वी बाटली हलवावी' हे अजून वाचता येतं. बॅटरीला चपलेचा पट्टा. आणि कळस म्हणजे चारी वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर तुझ्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. इंजिनाला ताप आला होता का रे?

डिस्ट्रिब्युटर म्हणजे चार प्लगना आपापल्या पाळीने ठिणगी वाटणारा डबा. हे मी तुला सांगतो कारण बारा वर्षं तू त्याला बहुधा औषधाचं कपाट समजत होतास. झाकण आणि वायरी, सगळं एकदमच काढून भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवीन सामान पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे बसवलं. बाबांचा एकेक वायरीचा नियम ज्यांना आकृती वाचता येत नाही त्यांच्यासाठी होता.

मला शिकवू नकोस. चौदा वर्षांचा असताना सुट्टीत बाबांनी अंगणात हेच इंजिन उघडलं होतं आणि शेवटी डिस्ट्रिब्युटर मला एकट्याला बसवायला दिला होता, हे विसरलास का? तू बावीस वर्षांचा, बाजूला उभा राहून नटबोल्टचे पाने पुसत होतास. मी सगळं आवळलं. आईने मला नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लावले, एकदा नव्हे, दोनदा, आणि मग मी किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीला इंजिन सुरू झालं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात काय करायचं ते मी त्या क्षणी ठरवलं. दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगतो, आणि पोरं पेन खाली ठेवून ऐकतात.

सध्या गाडी सुरू होत नाही. कार्ब्युरेटरमधून फटाके उडतात. तुझ्या बारा वर्षांच्या उपचारांचा परिणाम उतरायला वेळ लागणारच. आईला सांग, खोली रंगवून घेतली आहे आणि पलंग खिडकीशी ठेवला आहे.

सौ. वहिनींस नमस्कार. लोभ असावा, पण लांबूनच.
तुझा धाकटा


१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, थोडे.

माझ्याकडून जाईपर्यंत चालत होती, तुझ्याकडे गेली आणि बंद पडली. नाचता येईना अंगण वाकडं! पुठ्ठ्याच्या त्या गॅस्केटमधून नऊ वर्षांत पेट्रोलचा थेंब गळला नाही. तुझ्या शिक्षणातून मात्र आजवर बरंच काही गळालेलं दिसतं.

वायरी जशा होत्या तशा लाव. पुस्तक मिटून ठेव. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही आणि तू विचारू नकोस.

आईने बॅग भरली आहे. रोज उघडते, एक लुगडं काढते, दुसरं ठेवते. आज दारात गाडीचा आवाज झाला तशी काठी टेकत पुढच्या खोलीपर्यंत गेली. दूधवाल्याचा टेम्पो होता. तिला तुझ्याकडे यायचं आहे, हे मला तोंडावर कबूल करावं लागतं आणि ते माझ्या जिवावर येतं. बारा वर्षं जिची पथ्यं सांभाळली, ती रंगवलेल्या खोलीसाठी एवढी उतावीळ. चालायचंच. आपला तो बाब्या, आणि घरात असतो तो कंपाउंडर.

सोळा दिवस उरले आहेत. कळावे.
दादा


१९ नोव्हेंबर

दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला आज कंबर वाकत नाही.

रोग सापडला. पहिला पिस्टन वर आणून झाकण काढलं, तर आतला काटा पहिल्या वायरीच्या घराकडे बघायला हवा होता, तो शेजारच्या घराकडे बघतोय. म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडाच मुळात चुकीच्या दातांवर बसवलेला आहे. आणि ती चूक दुरुस्त करायचं सोडून कोणीतरी चारी वायरी एकेक घर सरकवून ती झाकली आहे. म्हणूनच ते 'सकाळ-दुपार'! ज्याने हा दांडा बसवला त्याच्या हातात बटाटे सोलायची सुरीसुद्धा देऊ नये. वर्गात कोणी असं केलं असतं तर मी त्याला वर्षभर फरशी पुसायला लावलं असतं.

मी बसवला तेव्हा तो बरोबर होता, हे पहिल्या फिरकीनेच सिद्ध केलं आहे. नंतर हात तुझेच लागले. तेव्हा आता स्पष्टच लिहितो. तू हे मुद्दाम केलंस, निदान माहीत असून गप्प बसलास. गाडी माझ्या दारात बंद पडावी, तीस तारीख उलटावी आणि आई तुझ्याकडेच राहावी, एवढाच तुझा डाव. बाबांच्या गाडीचा असा वापर करशील असं वाटलं नव्हतं. तू आईला सांभाळत नाहीस, अडकवून ठेवतोस.

रविवारी दांडा उपसून काढणार आणि पुस्तकाप्रमाणे बसवणार. गंजून धरला आहे, हातोडीने मोकळा करीन. बाबांचं इंजिन मी बसवलं होतं तसं पुन्हा करून दाखवतो.

लोभाचं तूच बघ.
धाकटा


२२ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे राहू दे. पत्र सकाळी मिळालं, दुकान बंद ठेवून लिहितो आहे. रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून जादा तिकीट लावलं आहे. हातोडी खाली ठेव. त्या दांड्याभोवतीचं ओतीव लोखंड पन्नास वर्षांचं आहे. तडा गेला तर इंजिन गेलं, आणि आईचं येणंही गेलं.

तो दांडा मी बसवला नाही. मी कधीच उपसला नाही. बाबांनीही नाही. तो तू बसवलास.

आईने तुला हात दोनदा का धुवायला लावले, याचा कधी विचार केलास? सगळ्या वर्गांना सांगतोस, स्वतःला एकदा विचार. तू नळावर गेलास, बाबांनी झाकण उचललं, आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं. दांडा उपसून नीट करायला अर्धा तास लागला असता आणि तू तर उड्या मारत किल्ली मागत होतास. त्यांनी आईकडे बघून डोळ्याने खूण केली. तिने साबण पुन्हा तुझ्या हातात दिला, कोपराशी काळं राहिलंय म्हणाली. तेवढ्यात त्यांनी चारी वायरी एकेक घर सरकवल्या. मी पाने पुसत होतो ना, म्हणून मला दिसलं. मी तोंड उघडणार, तर ते म्हणाले की याला एकदा इंजिन सुरू झालेलं ऐकू दे, बाकीचं मोठा झाला की आपणच सांगू.

दुसऱ्या दिवशी नीट करणार होते. पण तू सगळी गल्ली गोळा करून बॉनेट उघडून दाखवत बसलास. मग म्हणाले की चालतंय ना, मग असू दे. पुढे वायरी दोनदा बदलल्या, बाबांच्या हाताखाली मीच बदलल्या, एकेक करून, त्याच चुकलेल्या जागी. शेवटी त्यांना नीट दिसेना, तेव्हा विसरू नये म्हणून चिठ्ठ्या लावल्या. माझ्याकडे सकाळ-दुपारच्याच होत्या.

छत्तीस वर्षं गप्प राहिलो. तू मोठा होण्याची वाट बघत होतो. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या नसत्या तर आणखीही बघितली असती. आईला अडकवून ठेवतो म्हणालास, ते वाचून माझा तोल गेला. बाबांना दिलेला शब्द मोडला, याचं वाईट वाटतं आहे. तुझं वाटत नाही.

दादा


२४ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

आईचे अनेक आशीर्वाद. डोळे साथ देत नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात थोडंच लिहिते.

दादाने पत्र पेटीत टाकल्यावर मला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर टाकू दिलं नसतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललेली नाही. तो दोन दिवस जेवलेला नाही, हेही तुला कळू दे.

हो, साबण मी दिला. तुझे हात पहिल्याच धुण्यात स्वच्छ झाले होते. कोपराशी काही नव्हतं. इंजिन सुरू झालं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, आणि आपण केलं ते बरोबरच केलं असं मला वाटलं. अजूनही वाटतं. खोटं म्हणायचं तर म्हण.

तुम्ही दोघं माझ्यावरून भांडता, पण मला कुठे राहायचंय ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही. हिवाळा तुझ्याकडे, उन्हाळा इकडे, असं माझ्या मनात आहे. गाडी कशीही येवो, बरोबर किंवा चुकीची. बॅग भरलेली आहे.

पोटभर जेवत जा. हातोडी वापरू नकोस.

तुझी आई


२८ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज साष्टांगच.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पहिल्यांदा खोटं वाटलं, मग राग आला, मग पुन्हा खोटं वाटलं. रविवारी शेडमध्ये गेलो, पण हातोडीला हात लावला नाही. नुसता बॉनेट उघडून बसून राहिलो. साबणाचं काय खोटं पाडणार? तो तर माझ्याच गोष्टीत होता. इतकी वर्षं तीनशे-चारशे पोरांना माझ्याच तोंडाने सांगत आलो आणि एकाही दीडशहाण्याने विचारलं नाही की सर, दोनदा का?

संध्याकाळी भंगाराचा डबा उपडा केला. तुझं जुनं झाकण बाहेर काढलं आणि त्याच्यावरून बघून नव्या झाकणावर खडूने लिहिलं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. एक वायर काढली, एक लावली. मग दुसरी. किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीला सुरू झालं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. मी गाडी बंद केली आणि बराच वेळ रडलो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता आपल्यात लपवायला उरलंय तरी काय?

तू सांगायला नको होतंस. माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. तुला माफ केलेलं नाही, आणि लवकर करीन अशी आशाही ठेवू नकोस. पण आईला अडकवल्याचं लिहिलं ते हलकटपणाचं होतं. ते मागे घेतो. आणि छत्तीस वर्षं मी प्रत्येक वेळी ही फुशारकी तुझ्यासमोर मारली, आणि तू पाने पुसत ऐकून घेतलीस. मला एक दिवससुद्धा जमलं नसतं.

दांडा तसाच ठेवला आहे. बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'क्रम चुकीचा आहे. बदलू नये.' पुठ्ठ्याचं गॅस्केटही परत बसवलं. नवं गळत होतं. यावर एक अक्षर बोलायचं नाही.

तीस तारखेला सकाळी दहाला पोचतो. जेवून घे, म्हणजे भांडायला अंगात जोर येईल. आईला सांग, नळावर साबण काढून ठेव. हात काळेच असतील. तिने दोनदा धुवायला लावले तरी या वेळी मी काही विचारणार नाही.

लोभ असू दे. भांडण माझ्याकडून चालूच आहे.

बटाट्याची सुरीसुद्धा हातात देऊ नये असा,
धाकटा