राणीच्या बागेतले रातांबे

रविवार, १३ मे १९८४, घाटकोपर

बाबा गेल्यापासून आईचं एकच पालुपद: "लेकीकडे किती दिवस रवाचा? परवाच्या एसटीत बसव." गावच्या रिकाम्या घरात एकटी काय करणार ही? मन रमेल म्हणून आज राणीच्या बागेत नेलं. हत्तीकडे बघितलंसुद्धा नाही. एका कोकमाच्या झाडाखाली मात्र रातांबे पडले होते. "असे कुसवतत मेले!" म्हणत तिने पदरच भरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माळी हसून म्हणाला, "न्या आजी."

आता आई गॅलरीत बसून आमसुलांसाठी सालं रसात बुडवतेय. पदर लालभडक. मी हळूच एसटीचं विचारलं.

"खुळी काय गो? सोलांक आठवडाभर ऊन व्हया. परत परत रस लावतलो कोण? तुका येता?"

"नाही गं," म्हटलं.

येतं मला. तिनेच तर शिकवलंय.