निर्व्यसनी, लालसर तपकिरी शाईत

५ जानेवारी, रविवार.
गंगापूर रोडवरून नवी शाई आणली. लालसर तपकिरी. टाइप केलेल्या बायोडाट्याने आजवर नुसते नकार आणले. टाइपात माणूस दिसत नाही. आता हाताने लिहिणार. वय छत्तीस, नोकरी सातपूरला, तीही कॉन्ट्रॅक्टवर, शेती भावांत वाटलेली. दाखवण्यासारखं एकच, 'निर्व्यसनी'. तो शब्द ठसठशीत काढला.

७ जानेवारी, मंगळवार.
शाई राजेशाही आहे. वाळायला जरा वेळ घेते. निब अडते. ओठ लावून थोडं ओढलं की चालते. ही टेक्निक माझी स्वतःची. आईने तोंड उघडायला लावलं, वास घेतला, मग आरसा आणून समोर ठेवला. तिला रंगातलं कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार.
नामपूरला बघायला बोलावलंय! मुलगी निकिता, तिथेच शाळेत शिकवते. बायोडाटा सावळीराममामा स्वतः देऊन आले होते. म्हणाले, पोरीने कागद दोनदा वाचला, अक्षर आवडलं. दोनदा! जेवण गेलं नाही. हे स्थळ गेलं तर मात्र संपलं. आईने देवाला माझ्याबद्दल सांगणंही सोडलंय.
संकल्प: रविवारपर्यंत पेनला हात लावायचा नाही.

११ जानेवारी.
पेन फक्त धुतलं. मग भरलं. रिकामं पेन खिशाला लावणं म्हणजे फसवणूक.

१२ जानेवारी, रविवार. परतीच्या एसटीत.
जाताना सटाण्यापर्यंत ठीक होतं. पुढे धक्क्यांनी टोपण निघालं. पांढऱ्या शर्टाचा खिसा गेला, बोटं गेली. निब अडली का बघायला ओठ लावले, तेही गेले.
निकिताचे वडील, धोंडीराम तात्या, खिशाकडे बघतच राहिले. कोणत्या तंबाखूची पुडी शे, म्हणाले. मी म्हटलं, शाई आहे. सगळे हसले. निकिता तेवढी हसली नाही, एकटक बघत होती. नजरेत पसंती होती.
मामांनी कोपराने ढोसलं. कानात म्हणाले, कबूल कर, माणसं तंबाखू माफ करतात, खोटं नाही. केलं कबूल. खातो, आजपासून सोडतो. तात्या एकदम खूश. स्वतःची डबी काढली, मळून चिमूट माझ्या हातावर ठेवली, शेवटची घ्या म्हणाले. नाही कसं म्हणणार? घेतली. अंगण गरगरलं. कांद्याच्या चाळीमागे पोहे, चहा, सगळं बाहेर.
निकिताने तांब्याभर पाणी आणून दिलं. हळू प्या, म्हणाली. जमलं समजा.

१६ जानेवारी, गुरुवार.
मामांचा फोन. नकार.
मी म्हटलं, तंबाखूमुळे ना? सांगा त्यांना, मी कधी खाल्लीच नाही. मामा म्हणाले, तात्यांना तू पसंत होतास. नकार पोरीचा आहे. ती म्हणते, शाईच होती, बायोडाट्याचाच रंग, आल्या आल्या ओळखला. ते काय म्हणतात याचीच मी वाट बघत होते. खरं बोलत असताना एका ढोसण्यात जो पालटतो, तो उद्या माझ्या बाजूने काय उभा राहणार.
फार लागलं.
बायोडाटा तरी परत द्या म्हटलं. तो मिळणार नाही म्हणे. अक्षर सुरेख आहे, निकिताने तिच्या भाचीला गिरवायला दिलाय. एव्हाना तिने 'निर्व्यसनी' पानभर गिरवलं असेल.
आईने शर्ट दोनदा घासला. डाग तसाच.
पुढच्या स्थळासाठी नवा बायोडाटा लिहायला घेतला. 'निर्व्यसनी'पाशी निब अडली. ओठ लावला नाही. बाकीचं बॉलपेनने लिहिलं.